सिरिंज पंप कपाटात लपवणाऱ्या वॉर्डांचं काय करायचं?

यंत्रवैद्य:
एका धर्मादाय रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. परवा आयसीयूतून फोन आला, नॉरॲड (रक्तदाब टिकवणारं औषध) चालू करायचंय, दोन सिरिंज पंप (ठरावीक वेगाने औषध देणारी यंत्रं) द्या. रजिस्टरवर आमच्याकडे ६४ पंप आहेत. पाऊण तास फिरलो, रिकामा एक मिळेना. शेवटी एका वॉर्डात चादरींच्या कपाटात, तळच्या फळीवर, ओटीच्या हिरव्या कापडात गुंडाळलेले तीन सापडले. एकाचा क्लॅम्प गायब, तिघांचीही बॅटरी पार उतरलेली. ॲडॅप्टरवर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने: "फि. मेडि. नेऊ नये", म्हणजे फिमेल मेडिकल वॉर्डाचं.

माझं म्हणणं सरळ आहे. पंप, बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र), मॉनिटर ही कुठल्या वॉर्डाची इस्टेट नव्हे. सगळं एका जागी जमा करा. लागेल तेव्हा न्या, काम झालं की परत. तिथे पुसून, चार्ज करून, तपासून पुढच्याला. प्रत्येकावर क्यूआर. जो वॉर्ड परत करत नाही त्याचं नाव सोमवारच्या मीटिंगमध्ये वाचा.

जुनी_सिस्टर:
लपवणाऱ्यांतली मी एक. इंजिनिअरसाहेब, नाव वाचा खुशाल. सरकारी रुग्णालयात इन्चार्ज होते तेव्हा डेड स्टॉक रजिस्टर (वॉर्डातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही) माझ्या सहीने चालायचं. पंप कॅज्युअल्टीने नेला, तिथून ओटीने, तिथून कुणी नेला देव जाणे. पदभार सोपवताना प्रश्न कुणाला? मला. एका लॅरिंगोस्कोपच्या ब्लेडपायी माझं 'ना देणे' प्रमाणपत्र चार महिने अडकलं होतं. नेणारे डॉक्टर तोवर एमडी होऊन गावी गेले. तेव्हा चिकटपट्टी लावतात ती हौसेने नाही.

रात्रपाळीचा_रेसिडेंट:
सिस्टर, मान्य. पण रात्री आम्ही सात वॉर्डांना फोन लावतो, सगळीकडून "नाही हो, आमच्याकडे नाही". आणि कपाटात तीन! ब्लूटूथ टॅग लावा, मोबाइलवर दिसेल कुठे आहे ते. वाद संपला.

यंत्रवैद्य:
टॅग जागा सांगेल, बॅटरी मेलीय हे नाही सांगणार. आणि आयसीयूत काहीही चिकटवण्याआधी तपासून घ्यायला हवं. २००८ साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी आरएफआयडीची (रेडिओलहरींवर चालणाऱ्या टॅगची) चाचणी घेतली होती: ४१ उपकरणं, १२३ चाचण्या. ३४ वेळा उपकरणात गडबड झाली, त्यातल्या २२ धोकादायक. ब्लूटूथचं तंत्र वेगळं आहे, मान्य. तरी आपल्या पंपांवर कुणी तपासलंय? माझा भर क्यूआरवर. स्टिकर दोन रुपयांचा.

हिशेबनीस:
हरवलेल्या यंत्रांवर एवढा खल, बंद पडलेल्यांचं काय? २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देखभालीचा कार्यक्रम आखताना देशभर मोजदाद केली. २९ राज्यांत साडेसात लाखांवर उपकरणं, आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद! एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपलेली, पार्ट नाही, निर्लेखनाची (मोडीत काढायची) फाइल कुणाच्या तरी टेबलावर. वॉर्डात चालू पंपच मोजके असतील तर लोक लपवणारच. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून जागा धरतात तसं.

यंत्रवैद्य:
उलटं बघा की. ६४ पंप मोकळे फिरले तर ६४ पुरतात. प्रत्येकाने दोन-दोन दडवले तर ८० घेऊनही तोच फोन येणार. आणि पोर्टेबल सोनोग्राफी मशीन कधी हरवल्याचं ऐकलंय? कधीच नाही. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली त्याची नोंदणी असते, ते नोंदणीकृत जागेबाहेर नेता येत नाही. ज्याचं रजिस्ट्रेशन पणाला, तो बरोबर सांभाळतो.

जुनी_सिस्टर:
सांभाळतो म्हणजे कुलूप लावतो. आमच्याकडचं ते मशीन संध्याकाळी पाचनंतर मी कधी बाहेर आलेलं पाहिलं नाही. हवंय का पंपांचंही तसंच?

रात्रपाळीचा_रेसिडेंट:
😅 हे मात्र खरं आहे सर.

यंत्रवैद्य:
बरं, हा मुद्दा पटला. नाव वाचायची कल्पना मागे घेतो. त्याऐवजी पंप वॉर्डाच्या डेड स्टॉकमधून काढून बायोमेडिकल विभागाच्या नावावर घ्यायचे. हरवला तर जाब मला. इन्चार्ज सिस्टरच्या सहीचा संबंध नाही. चालेल?

हिशेबनीस:
असं लेखी द्या. ऑडिटवाले आनंदाने तुमच्याकडे येतील.

जुनी_सिस्टर:
तुमच्या नावावर घेताय हे ऐकून बरं वाटलं, आधी कुणी असं म्हणालं नव्हतं. आता एकच सांगा. रात्री दोनला त्या स्टोअरचं दार कोण उघडणार?

यंत्रवैद्य:
रात्रीच्या टेक्निशियनची जागा मंजूर नाही अजून. तोवर किल्ली कॅज्युअल्टीत सीएमओंकडे (ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे).

जुनी_सिस्टर:
म्हणजे पुन्हा फोन. असू दे, करून बघा. तेवढं ते ॲडॅप्टर मात्र फि. मेडि.ला परत द्या.