मदत हवी आहे: गॅरंडसाठी दारू कोणती आणि गोळी कोणती?

काजूबिया

शीर्षकातली दारू बंदुकीची आहे. ओल्ड मंक सुचवणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

मी सॅन अँटोनियोजवळ राहतो. नागरिकत्व मिळाल्यावर सीएमपीकडून (जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणारी संस्था) एम-१ गॅरंड घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैनिकांची अर्धस्वयंचलित रायफल, काडतूस .३०-०६. आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप वरून दाबायची, आठवं उडालं की क्लिप टिंग करून बाहेर. अंगठा वेळेत काढला नाही तर तोही. (एकदा झालंय. नख काळं पडलं होतं.)

गेल्या वर्षापासून काडतुसं घरी भरतो. कागदावर मारायला चांगली जमतात. आता नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होतोय आणि लानोकडे एका रँचवर जागा मिळाली आहे. मचाणापासून मक्याच्या फीडरपर्यंत ९० यार्ड. म्हणून पहिल्यांदाच शिकारीची काडतुसं भरायला घेतली आणि तिथेच माशी शिंकली.

शेजारच्या आजोबांचा चाळीस वर्षांचा अनुभव. त्यांच्या बोल्ट अ‍ॅक्शन (दर बारानंतर हाताने बोल्ट ओढायचा) .३०-०६ साठी ते ४३५० ही दारू आणि १८० ग्रेनची गोळी वापरतात. मीही तोच डबा आणला, वजन मॅन्युअलमध्ये बघितलं, सगळ्यात कमी मापाने २० काडतुसं भरली. तीन उडवली. पितळ (रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं) एरवी पडतं त्याच्या दुप्पट लांब जाऊन पडलं. उचलून बघतो तर केसच्या काठाला एक्स्ट्रॅक्टरने (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) चावा घेतलेला, नखाने सहज लागतो. प्रायमर (केसच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) मात्र ठीकठाक, चपटे वगैरे झाले नव्हते. तिथेच थांबलो.

तर प्रश्न:

माप कमीत कमी असताना असं का? उरलेली १७ उडवू का? ९० यार्डांवरच्या टेक्सासच्या हरणासाठी किती ग्रेनची आणि कसली गोळी? माझ्याकडे १६८ ग्रेनच्या मॅचकिंग गोळ्या पडून आहेत, त्या चालतील का?

अवांतर: आमच्या आजोबांकडे कुडाळला ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. शिंगाच्या मापाने दारू, वर नारळाचं सोडण ठासायचं, मग छर्रे. ते म्हणायचे, दारू कमी पडली तर डुक्कर पळतं, जास्त झाली तर आपण. इथे कमी घालूनही माझ्यावरच पळायची वेळ आली.

भाकरतुकडा

उत्तम विषय. मला ओ की ठो कळलं नाही. तरी वाचतोय.

हिरवीगार

हरणं मारायची कशाला पण? कॅमेरा घेऊन जा की. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा झाला तेव्हा कुठे थोडीफार उरली.

काजूबिया

@हिरवीगार, मत मान्य. पण इथे परवाना, टॅग आणि ठरलेली संख्या यांतच शिकार होते. मांस फ्रीझरमध्ये जातं, वर्षभर मटण आणत नाही. यावर वेगळा धागा काढा, नक्की येईन.

वाळूतला_खेकडा

काजूबियाभाऊ, आधी ती १७ काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवा आणि वर 'उडवू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. मग पुढचं वाचा.

मी मिशिगनला असतो, माझ्याकडेही गॅरंड आहे, आणि तुमच्यासारखाच शहाणपणा मी केलेला आहे. तुम्ही माप चुकवलं नाहीत, दारूची जात चुकली. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये केस बाहेर ओढायचं काम तुमचा हात करतो, तेही दाब पूर्ण ओसरल्यावर. गॅरंडमध्ये ते काम गॅस करतो. नळीच्या तोंडाजवळ खालच्या बाजूला बारीक भोक आहे. गोळी त्याच्या पुढे गेली की मागचा गॅस त्यातून गॅस सिलिंडरमध्ये शिरतो आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. रॉड बोल्ट फिरवतो, बोल्ट केस ओढतो.

म्हणजे चेंबरमधला (काडतूस बसतं त्या जागेतला) सर्वांत जास्त दाब किती, एवढं बघून भागत नाही. गोळी भोकापाशी पोचेपर्यंत किती दाब शिल्लक आहे, त्यावर सगळं. ४३५० सावकाश जळते. चेंबरमध्ये ती सभ्य वागते, म्हणून तुमचे प्रायमर ठीक दिसले. पण नळीच्या टोकापर्यंत तिचा दम टिकतो. त्यात १८० ग्रेनची जड गोळी, ती दारूला जळायला आणखी वेळ देते. भोकापाशी जोरात धक्का, रॉड सुसाट मागे, केस अजून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर हिसका मारतो. तुम्हाला दिसलेला चावा तो. असंच चालू ठेवलं तर रॉड वाकतो.

गॅरंडला मध्यम वेगाच्या दाऱ्या लागतात (दारूचं अनेकवचन बरोबर आहे का हो कुणी सांगेल का?). आयएमआर ४८९५ ही तिची घरची. लष्कराच्या .३०-०६ मध्ये तीच भरत. युद्धानंतर उरलेली ४८९५ विकत घेऊन ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने धंदा सुरू केला, त्यातून आजची हॉजडन कंपनी झाली. आयएमआर ४०६४ चालते, व्हार्गेटही चालते. ४३५०, ४८३१ आणि त्याहून सावकाश जळणाऱ्या सगळ्या नकोत.

आणि हे फळ्यावर लिहून ठेवा: आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या दोन वेगळ्या दाऱ्या आहेत. आकडा तोच, डब्यावर कंपनीही आता तीच, पण एकीचं माप दुसरीला लावायचं नाही.

किती ग्रेन भरायची ते मी इथे लिहिणार नाही. रागावू नका. हॉर्नडीच्या मॅन्युअलमध्ये एम-१ गॅरंडचं स्वतंत्र पान आहे. नेहमीच्या .३०-०६ च्या पानावरून नाही, त्या पानावरून घ्या. खालच्या टोकापासून सुरुवात करा, पाच-पाच भरत वर जा. वेगामागे धावू नका. ९० यार्डांवरच्या हरणाला वेगातले सेकंदाला शंभर फूट इकडेतिकडे काही कळत नाही.

टिपूर

वर खेकडाशेठ म्हणाले त्याला +१. गोळीबद्दल मी सांगतो.

मॅचकिंग नको. तिच्या टोकाला भोक दिसतं म्हणून लोक तिला शिकारीची समजतात. ते भोक ती बनवायच्या पद्धतीमुळे राहतं, फुलण्यासाठी नाही. ती कागदासाठी आहे आणि सिएरा कंपनी स्वतःच ती शिकारीला वापरू नका म्हणते. हरणात कधी फुटून चुरा होते, कधी सुईसारखी आरपार जाते. दोन्हीत जनावराचे हाल आणि तुमची रात्र झाडोऱ्यात टॉर्च घेऊन. पूर्ण जॅकेटची लष्करी गोळी तर अजिबात नको.

लानोकडची हरणं अंगाने बारकी असतात. १५० ग्रेन भरपूर झाली. रायफलही १५० ग्रेनच्या लष्करी गोळीवर वाढलेली, तिला ते वजन मानवतं. आता राहिला प्रकार. शिशाचं उघडं टोक असलेली साधी सॉफ्ट पॉइंट, उदाहरणार्थ सिएरा प्रो-हंटर, हरणावर झकास काम करते. पण अर्धस्वयंचलितमध्ये टोकाचे हाल होतात. बोल्ट गोळीला क्लिपमधून उचलून रॅम्पवर आपटत आत ढकलतो. मी एकदा चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न उडवता बाहेर काढून पाहिलं, शिशाचं टोक पावसात भिजलेल्या खडूसारखं एका बाजूला बसलेलं. ९० यार्डांवर नेमबाजीत फरक पडत नाही, पण फीडिंग कधीमधी अडतं. म्हणून मी पॉलिमर टोकाची घेतो, बॅलिस्टिक टिप किंवा एसएसटी. पॅकिंग उघडल्यावर लाल-हिरवी टोकं बघून मुलगी म्हणाली, बाबा, क्रेयॉन आणलेत?

तांब्याच्या गोळ्या (बार्न्सच्या वगैरे) उत्तम, पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमध्ये खोल बसते. तिचं माप वेगळं बघावं लागतं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिसंच चालत नाही, तिथल्यांना पर्याय नाही. तुम्हाला टेक्सासात सक्ती नाही.

शक्य असेल तर कॅनेल्युअर असलेली गोळी घ्या, म्हणजे भोवती कोरलेली ती रेघ. क्लिपमध्ये थांबलेल्या काडतुसांना धक्के बसत असतात, गोळी केसमध्ये मागे सरकता कामा नये. हलका क्रिम्प (केसचं तोंड गोळीवर दाबणं) त्या रेघेत बसतो. काडतुसाची पूर्ण लांबी ३.३४० इंचांच्या आत.

वाळूतला_खेकडा

टिपूरने प्रायमरचं सांगितलं नाही, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आदळला की पिन स्वतःच्या वजनाने प्रायमरला टिचकी मारते. न उडवलेलं काडतूस काढून बघा, प्रायमरवर बारीक खळगा दिसेल. नरम प्रायमर असेल किंवा तो वर आलेला असेल तर ट्रिगरला हात न लावता बार उडू शकतो, आणि तेव्हा बोल्ट नीट बंद असेलच असं नाही. सीसीआय नंबर ३४ घ्या, लष्करी पद्धतीचा कडक प्रायमर. प्रत्येक भरलेल्या केसच्या बुडावरून बोट फिरवा, प्रायमर किंचित आत लागला पाहिजे. मी दिवाळीत लाडू वळताना आई जशी एकेक हातात फिरवून बघते तसं बघतो, टीव्ही बंद करून.

आणि एकटं काडतूस चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडायचा नाही. क्लिपमधूनच भरा. क्लिपमधून येताना घर्षणाने बोल्टचा वेग थोडा कमी होतो. शिकारीसाठी पाच काडतुसांची क्लिपही मिळते. आमच्या मिशिगनमध्ये अर्धस्वयंचलितमध्ये चेंबर धरून सहाच्या वर भरता येत नाहीत, म्हणून मी तीच वापरतो.

केस दर वेळी पूर्ण लांबीच्या डायमधून (मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून) काढा, नुसती मान नको. २.४९४ इंचांच्या वर गेली की २.४८४ ला कापा. चार-पाच भरणीनंतर मी पितळ भंगारात देतो, गॅरंड पितळ फार छळते.

काजूबिया

दोघांचे मनापासून आभार. एवढं नीट शेजारच्या आजोबांनीही सांगितलं नव्हतं. त्यांचा दोष नाही, त्यांनी आयुष्यभर बोल्टच ओढला.

दोन शंका. तीन उडवली त्यात रॉड वाकला असेल का? मी काढून बघितला, तर तो वाकडाच दिसतोय!! आणि गॅस सिलिंडरच्या टोकाला स्क्रूवाला अ‍ॅडजस्टेबल गॅस प्लग बसवला तर ४३५० चालेल का? डबा नवाकोरा आहे, जीव तुटतो.

वाळूतला_खेकडा

हात लावू नका!! रॉड जन्मतःच वाकडा असतो, नळीखालून वळसा घालायला. सरळ करायला गेलात तर कामातून जाईल. तपासायची रीत अशी: रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, खोला, रिकॉइल स्प्रिंग काढून ठेवा, रॉड आणि बोल्ट जागेवर बसवा. मग रायफल हळूहळू पुढेमागे कलती करा. रॉड आपल्या वजनाने सुळकन घरंगळला तर ठीक. मध्येच अडला किंवा लाकडाला घासला तर गनस्मिथकडे.

प्लगने जादा गॅस बाहेर सोडता येतो, लोक वापरतातही. पण तुमच्यासारख्या नव्या माणसाने आधी योग्य दारू वापरावी. डबा कपाटात राहू द्या, उद्या बोल्ट अ‍ॅक्शन घ्यालच. फक्त ४८९५ भरताना तो टेबलावर नको. माझ्या टेबलावर एका वेळी एकच डबा असतो.

टिपूर

अजून एक. माप तुम्ही आता सप्टेंबरमध्ये बसवणार, टेक्सासच्या भट्टीत. गाडीत तापलेल्या काडतुसात दाब वाढतो, नोव्हेंबरच्या पहाटे तेच काडतूस थंड. एच ४८९५ आणि व्हार्गेट उष्णतेला कमी हलतात. मी तुमच्या जागी असतो तर एच ४८९५ घेतली असती. काडतुसं सावलीत ठेवा.

भाकरतुकडा

एक बाळबोध शंका. हे ग्रेन म्हणजे किती?

टिपूर

७००० ग्रेनचा एक पौंड. आपली सोनाराची गुंज असते ना, ती साधारण पावणेदोन-दोन ग्रेनची. म्हणून तराजूही सोनारासारखा लागतो. आणि भारतातून वाचणाऱ्यांनी हे उद्योग करू नयेत, काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. ठासणीच्या बंदुकीत तर ही बिनधुराची दारू चिमूटभरही घालू नका, ती बंदूक काळ्या दारूसाठी असते, नळी फुटेल.

काजूबिया

अपडेट. रॉड घरंगळला, अगदी सुळकन! १७ काडतुसं हातोडीसारख्या पुलरने आपटून आपटून उघडली. पूर्ण शनिवार संध्याकाळ गेली. खालच्या मजल्यावरून बायकोने विचारलं, खलबत्त्यात काय कुटताय? दारू परत ४३५० च्या डब्यात, गोळ्या आणि पितळ वेगवेगळं.

एच ४८९५ चा एक पौंड, सीसीआय ३४ आणि १५० ग्रेनच्या एसएसटी आणल्या. गॅरंडच्या पानावरच्या खालच्या मापाने पाच भरून आज उडवली. पितळ नेहमीच्या जागी पडलं, काठ स्वच्छ. पुढच्या रविवारी दुसरी पाच.

आईला फोनवर सांगितलं की चुकीची दारू आणली होती, बदलून घेतली. ती अजून बोलत नाहीये.