विश्रामबागवाडा: कुलूप बरं की कलाकेंद्र?

शनिपारकर: काल इथे एका महाशयांनी लिहिलं की पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या रिकाम्या दालनांत कलाकेंद्र काढण्यापेक्षा ती कुलपात बरी. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय. मागच्या पावसाळ्यात भाचीला घेऊन गेलो होतो. बाहेरून सज्जा, सुरूचे खांब, केळफुलं, सगळं झकास. आत निम्म्या दारांना कुलपं. एका दाराच्या फटीतून पाहिलं तर जमिनीवर पारव्यांची घाण आणि खांबाच्या बुडाशी पिवळट भुशाची रांग. भुंगा लागलाय हो! रोज माणसाची ये-जा असती तर पहिल्या चिमटीलाच कुणी बोंब मारली असती. 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे महापालिकेचा कारभारही इथूनच चालला. वाडा वापरात होता म्हणून टिकला. तिथे चित्रं लावा, गाणं करा, पोरांना मोडी शिकवा.

नारायणपेठी तात्या: ते महाशय मीच. वापरात होता तेव्हाच 1879 साली आग लागून वाड्याचा मोठा भाग गेला, हे सोयीस्कर विसरलात. कलाकेंद्र म्हणजे दिवे आले, वायरिंग आलं. सगळा सागवानी सांगाडा आहे.

शनिपारकर: ती आग लावली होती, तात्या. वायरिंगने नव्हती लागली.

तात्या: जळायला लाकडाला कारण लागत नाही.

घुंगरूवाली: मुळात हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने राहायला आणि मौजेला बांधला. लावणी-नाचाचा शौकीन माणूस. तिथे कथ्थक झालं तर वास्तूला काही नवीन नाही.

पुरंदरचा गडी: त्याच शौकापायी 1818 आलं, पेशवाई बुडाली! पळपुट्याच्या वाड्यावर पैसे घालण्यापेक्षा आमच्या गडावरचे बुरूज बांधा.

घुंगरूवाली: पळपुटा म्हणणं सोपंय. 1802 मध्ये होळकर हडपसरला येऊन ठेपले तेव्हा तुम्ही काय केलं असतंत?

पुरंदरचा गडी: वसईला जाऊन इंग्रजांशी तह नक्कीच केला नसता. आणि नंतर आठ लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला गंगास्नानही केलं नसतं.

तात्या: बाजीरावाने यशवंतराव होळकरांच्या भावाला हत्तीच्या पायी दिलं, तिथून सुरू करा की मग.

घुंगरूवाली: दिलं, चूकच ती. पण बांधणाऱ्या सुतारांनी काय पाप केलं? ते खांब बाजीरावाने तासले नाहीत.

पुरंदरचा गडी: सुतारांबद्दल मी काही बोललो का? उगाच तोंडात शब्द घालू नका.

तुळशीबाग दोन नंबर: इतिहास झाला असेल तर गाड्या कुठे लावणार ते सांगा. माझी स्कूटर मागच्या महिन्यात सम-विषमच्या घोळात टेम्पोत चढली. मी दहा पावलांवर ब्लाऊजपीस बघत होते.

शनिपारकर: पायी या ना ताई, मी येतो.

तुळशीबाग दोन नंबर: तुम्ही शनिपारला राहता, तुम्हाला काय जातंय!

जुन्या वाड्यांचा मिस्त्री: तीस वर्षं जुनी लाकडं बदलतोय, म्हणून बोलतो. भुशाबद्दल शनिपारकर बरोबर आहेत, बंद खोलीत ओल धरते आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं. पण वरच्या मजल्यावर नाच नको. पन्नास माणसं शांत बसली तर फळ्यांची तक्तपोशी सोसेल, तिहाईला, म्हणजे शेवटी तोच बोल तीनदा घेताना, सगळ्यांनी एकदम पाय आपटले की सांधे सुटतात. एका वाड्यात मंगळागौरीच्या झिम्म्याने खालच्या घरात माती पडलेली मी पाहिलीय, थेट आमटीच्या पातेल्यात.

घुंगरूवाली: बरं. कथ्थक खाली चौकात करू. झालं समाधान?

तात्या: चौकात करा, वर सतार ठेवा. आवाज बेताचा, दिवे बेताचे, माणसं मोजून आत. एवढं जमणार असेल तर माझा विरोध नाही. जमणार नाही, हे माहीत असल्यामुळे मी उदार होतोय.

शनिपारकर: लिहून ठेवतो. तात्या हो म्हणाले.

तात्या: आणि खुर्च्या?

मिस्त्री: खुर्च्या नकोत. चार पायांवर सगळं वजन येतं. जाजम घाला.

तात्या: मग मी कसा बसू? दोन्ही गुडघे बदललेत माझे.