सोसायटी ग्रुप, १८ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळ

सी-१०४ काका: (फोटो) आजच्या पेपरात आलंय बघा. आपल्या मतदारसंघात हवा एकाच बाजूची आहे, सर्व्हे पण तेच सांगतोय. बुधवारी मत वाया घालवू नका मंडळी

सेक्रेटरी: काका, पॉलिटिकल फॉरवर्ड टाकायचे नाहीत असं ठरलंय ना आपलं

सी-१०४ काका: अहो फॉरवर्ड कुठे, पेपरातली बातमी आहे, मी स्वतः फोटो काढलाय

ए-६०२ ताई: काका आमच्याकडे दुसरा पेपर येतो, त्यात पण हाच मजकूर आहे, शब्दन् शब्द तोच, फक्त हेडिंग वेगळं. बातमीदाराचं नाव नाही आणि फोटो तोच जो चौकातल्या फ्लेक्सवर लागलाय. आमच्या पेपरात खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" छापलंय, तुमच्या फोटोत तो कोपरा आलेला नाही

बी-३०१ दादा: आम्ही मूळचे नांदेडचे, २००९ ची विधानसभा आठवली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं होतं की अशोक चव्हाणांचं कौतुक करणारा एकच लेख वेगवेगळ्या पेपरांत जसाच्या तसा छापून आलाय, आणि चव्हाणांनी निवडणूक खर्चात पेपरच्या जाहिरातींचे दाखवले होते ५,३७९ रुपये. २०१४ ला निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली, ती पुढे दिल्ली हायकोर्टाने रद्द केली, म्हणजे कारवाई काहीच झाली नाही. यूपीत मात्र २०११ मध्ये उमलेश यादव या आमदारबाईंना पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च लपवला म्हणून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं

सी-१०४ काका: ते सगळं खरं असेल पण पेपर वाचून मत कोण बदलतं हो, आपण आधीच ठरवून बसलेले असतो

ए-६०२ ताई: ज्यांचं पक्कं ठरलंय त्यांचं नाही बदलत, मान्य. पण आमच्या सासूबाईंना उमेदवार आवडतोय एक आणि सकाळी हे वाचल्यापासून म्हणतायत की येणार तर दुसराच आहे मग याला देऊन उपयोग काय, आणि काका तुम्ही पण वर तेच लिहिलंय ना, मत वाया घालवू नका, म्हणजे उमेदवार बरा की वाईट हा विषयच नाही, निवडून कोण येणार एवढंच, आणि ते ठरवलं कुणी तर पैसे देऊन छापून आणलेल्या अर्ध्या पानाने. मला याचा खरंच राग येतो

बी-३०१ दादा: आणि हवेचं काय घेऊन बसलात. गेल्याच महिन्यात हरियाणात सगळ्या चॅनलनी एक्झिट पोलमध्ये काँग्रेस आणली होती, भाजपला ९० पैकी ४८ मिळाल्या. जूनमध्ये लोकसभेला उलटं, चॅनलवाले एनडीएला साडेतीनशेच्या वर देत होते, आल्या २९३

डी-२०५: पेपर वाचतंय कोण पण आता. रील्स बघा, रिक्षा स्टँडवर माइक घेऊन "काय वातावरण" विचारतात आणि पाच जण एकच नाव घेतात. आमच्या स्टँडवर शूट चालू होतं तेव्हा मी तिथेच होतो, दोघांनी दुसरं नाव घेतलं होतं, व्हिडिओत ते दोघं नाहीतच

ए-६०२ ताई: हेच. आणि जे दाखवतच नाहीत त्याचं काय? महिनाभर टीव्हीवर घोषणा आणि कोण कुणाला काय म्हणालं एवढंच चाललंय. आपल्याकडे मार्चपासून टँकर लागतो, मेंटेनन्सचा निम्मा पैसा पाण्यावर जातो, आणि एकाही मुलाखतीत आपल्या उमेदवाराला पाण्याचं विचारलेलं मी पाहिलं नाही. मग आपण पण त्याच घोषणांवर भांडत बसतो, इथे ग्रुपवर सुद्धा

सी-१०४ काका: पाण्याचं बोललात ते बरोबर आहे. पण आता दोन दिवसांत अजून काय काय छापून येईल ते थांबवणार कोण? प्रचार तर सहाला संपला

सेक्रेटरी: टीव्हीवर ४८ तास प्रचार बंद असतो, पेपरला ती बंदी नाही. उद्या आणि परवाच्या पेपरातली जाहिरात मात्र आयोगाच्या एमसीएमसी कमिटीकडून (प्रचाराच्या जाहिराती तपासणारी कमिटी) आधी मंजूर करून घ्यावी लागते. बातमीच्या वेषात आलेल्या मजकुराची त्यांच्याकडे तक्रार करता येते. ताई, दोन्ही कात्रणं पूर्ण पानाच्या फोटोसकट पाठवा, मी अर्ज करतो

बी-३०१ दादा: आणि एक, ज्या उमेदवारावर गुन्हे आहेत त्याला ते पेपरात तीनदा छापावे लागतात, सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. त्याचा फोटो काढून कुणी ग्रुपवर टाकलेला मी पाहिला नाही. आयोगाच्या साइटवर प्रत्येकाचं शपथपत्र आहे, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं

सेक्रेटरी: ती प्रिंट काढून नोटीस बोर्डवर लावू का? पण मग सगळ्या उमेदवारांची, अपक्षांची पण, एकाचीच लावली तर माझ्यावर येईल

सी-१०४ काका: सगळ्यांची लावा. प्रिंटचे पैसे मी देतो. आणि ताई, सासूबाईंना माझा निरोप द्या, त्यांना आवडतोय त्यालाच द्या म्हणावं