नगररचनाकाराच्या हातात शहर द्यावं का? (जैमे लर्नर)

नगरभटक्या:
ब्राझीलच्या कुरितिबा शहराचे लर्नर मूळचे वास्तुरचनाकार आणि नगररचनाकार. तीनदा महापौर, मग पाराना राज्याचे गव्हर्नर. २०२१ मध्ये वारले. माझं मत सरळ आहे. आराखडा काढणाऱ्यालाच खुर्ची मिळाली म्हणून कुरितिबा घडलं, नाहीतर आराखडे कपाटात धूळ खातात. मेट्रोच्या खर्चात न पडता १९७४ मध्ये त्यांनी रस्त्याच्या मधोमध बसला वेगळी मार्गिका दिली आणि उंच इमारतींना परवानगी त्याच मार्गांलगत. खरी गोम इथे आहे.

रोखठोक:
खुर्ची आली कुठून तेही सांगा की! १९७१ ला लष्करी राजवट होती. पहिल्या दोन्ही वेळी लर्नर नेमलेले महापौर, मतदान वगैरे काही नाही. १९७२ मध्ये मुख्य बाजारपेठेचा रस्ता गाड्यांना बंद करायचा होता, दुकानदारांचा विरोध. यांनी काम काढलं शुक्रवारी संध्याकाळी, कोर्टं बंद झाल्यावर. स्थगिती आणणार कोण? ७२ तासांत रस्ता उखडून पादचाऱ्यांचा करून मोकळे. आपल्याकडे आयुक्तांनी असं केलं तर पहिली बोंब तुमचीच.

नगरभटक्या:
मारेन की! पण पुढचंही सांगा. गाडीवाले जबरदस्तीने घुसणार अशी कुणकुण लागल्यावर पालिकेने रस्ताभर कागद अंथरला आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. लाठी नाही, पोलीस नाही. आणि १९८८ ला याच माणसाला लोकांनी मतं देऊन महापौर केलं.

चिंचेखालचा:
दोघांनाही थोडं थोडं पटतंय. झोपडपट्टीच्या अरुंद गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नव्हती, तर यांनी योजना काढली: पिशवी गल्लीबाहेर आणून द्या, बदल्यात बसचं तिकीट किंवा भाजीपाला घ्या. डोकं भन्नाटच. पण गल्ली अरुंद ती अरुंदच राहिली ना?

रोखठोक:
तेच! गव्हर्नर झाल्यावर महामार्गांवर टोल लावले, राज्याची बँक विकली. तिथे कुठली कल्पकता?

नगरभटक्या:
गव्हर्नरकीचं समर्थन मी करतच नाहीये, शहराबद्दल बोलतोय. पुण्यात २००६ ला बीआरटी (वेगळ्या मार्गिकेतली जलद बससेवा) आली ती याच कुळातली. आपण मार्गिका तेवढी उचलली, बाकीचं नियोजन तिथेच ठेवलं. नगररचनाकार महापौर असता तर हे झालं नसतं.

रोखठोक:
आणि मार्गिकेत घुसलेल्या दुचाकीवाल्याने नगरसेवकाला फोन लावला असता, तेव्हा तुमच्या नगररचनाकार महापौराने काय केलं असतं? त्याला तर पुढची निवडणूकही लढवायची आहे.