बोरन्हाणात चॉकलेटं हवीत की नकोत?

रुईची आई, मानपाडा
संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एखाद्या रविवारी आमच्या संकुलात सगळ्या लहान मुलांचं एकत्र बोरन्हाण असतं. काळी झबली, हलव्याचे दागिने, औक्षण, सगळं हौसेनं होतं आणि व्हायलाच हवं. माझा आक्षेप आहे तो मुलांच्या डोक्यावर काय ओततो त्याला. गेल्या वर्षीच्या परातीत बोरं मोजकीच होती. बाकी टॉफ्या, जेली, रंगीत गोळ्या आणि वेफर्सच्या पुड्या. पोरांनी नेमका चकचकीत कागद तेवढा उचलला. कार्यक्रम संपला तेव्हा जाजमावर चिरडलेली बोरं आणि उसाचे करवे तसेच पडले होते.

बरं, हा एकच दिवस असता तर मी बोलले नसते. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये ऑक्टोबरअखेर हॅलोविन होतं, पोरं दारोदार चॉकलेटं गोळा करतात. त्याच्या मागेपुढे दिवाळी, मग नाताळ, मधे वाढदिवस. त्या रांगेत आपलं बोरन्हाणही जाऊन बसलं. जानेवारीत जांभळी नाक्याला एक चक्कर मारा: बोरं, ऊस, ओला हरभरा, मटारच्या शेंगा, गाजरं, पेरू, चिकू, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. मुलांना द्यायला इतकं काही वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही. म्हणून यंदा परातीतून आणि भेटपिशवीतून चॉकलेट-गोळ्या पूर्ण बंद कराव्यात, असं मी समितीला सुचवणार आहे. तुमचं मत सांगा.

कोलशेतकर बाबा
ताई, माझा साफ विरोध. वर्षभर डब्यात क्रीमची बिस्किटं, खोक्यातला ज्यूस, दुधात चॉकलेट पावडर. ते कोणी थांबवत नाही आणि जो दिवस मुलांच्या कौतुकाचा, त्याच दिवशी नियम! साखर कमी करायची तर सोमवार ते शनिवार करा.

दुसरं, घरात ज्याला सक्त मनाई, ते मूल दुसऱ्याच्या घरी जाऊन डबा रिकामा करतं. माझ्या भाच्याचं हेच झालंय. आणि स्वच्छतेचं काय? सत्तर लोक चालून गेलेल्या जाजमावरचं बोर पोरगं थेट तोंडात घालतं. चॉकलेटला निदान कागद तरी असतो.

वर्तकनगरची आजी
रुईच्या आईचं बरोबर आहे. बोरन्हाण हे बोरांचंच. बदलत्या हवेत मुलांनी त्या दिवसांतली फळं खावीत म्हणून तर हे करतात. चॉकलेटाऐवजी तिळाची वडी, गुळाची चिक्की, हलवा द्या. मी अजून घरी हलवा करते. मंद आचेवर परात, त्यात तीळ, चमचा-चमचा पाक घालायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. काटा यायला सकाळची दुपार होते. तो दाणा मुलांच्या हातावर ठेवला की ती एकेक करून खातात, मूठभर कोंबत नाहीत. गूळ तर पौष्टिकच. त्याला कोणी हरकत घेऊ नये.

दातांची डॉक्टर, पाचपाखाडी
आजी, तुमच्या हलव्याबद्दल आदर आहे, पण गुळाला हरकत मी घेते. गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, तरी दातांच्या दृष्टीने ती साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. या हिशेबात मध, गूळ, फळांचा रससुद्धा धरतात. अख्खं फळ धरत नाहीत. सीबीएसईने २०२५ च्या मे महिन्यात शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले ते उगाच नाही.

पालक किती खाल्लं ते मोजतात, दात किती वेळा खाल्लं ते मोजतात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास तरी लागतो. मूल दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने एकेक गोळी चघळत राहिलं तर दातांना उसंतच मिळत नाही. त्यातून चिक्की आणि जेली दाढांच्या खाचांत अडकून बसतात. त्या मानाने साधं चॉकलेट लवकर विरघळून जातं. त्यामुळे चॉकलेट बंद करून चिक्की वाटणार असाल तर मी तुमच्या बाजूने नाही. गोड काय द्यायचं ते जेवणासोबत एकदाच द्या, वर पाणी प्यायला लावा आणि रात्री ब्रश चुकवू नका.

कोलशेतकर बाबा
डॉक्टर, हेच म्हणतोय मी! एक चॉकलेट, जेवणानंतर, विषय संपला.

बालविभागातली नर्स, कळवा
साखरेवर एवढी चर्चा झाली, घशात अडकण्यावर एकही शब्द नाही. बहुतेकांचं बोरन्हाण पहिल्या संक्रांतीला होतं, म्हणजे मूल वर्षाच्या आतलं. त्याच्या भोवती अख्खे शेंगदाणे, बिया असलेली बोरं, कडक गोळ्या, हलव्याचे दाणे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती यातलं काहीच अख्खं देऊ नये. मटारचा दाणा आणि कच्च्या गाजराचा तुकडासुद्धा अडकतो. शिवाय मूल खाली बसलेलं, वरून मारा चाललेला, सगळे ओरडताहेत, ते हसतंय किंवा रडतंय आणि तोंडात दाणा. असं अडकलेलं आम्ही पाहतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवूसुद्धा नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो.

ओतायचं ते ओता, पण बाळाच्या तोंडाशी एक मोठं माणूस लक्ष ठेवून हवं. जाजमावरचं गोळा करून बाजूला न्या, मुलांना खायला वेगळं ताट करा. तिळाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का, हे आधी विचारा.

वर्तकनगरची आजी
हे पटलं गं. आमच्या वेळी करव्याची सालं काढून, बोरांच्या बिया काढून मोठी माणसंच भरवायची. हल्ली परात ओतली की सगळे मोबाइल धरून उभे.

रुईची आई, मानपाडा
तर मग समितीपुढे असं मांडते. परातीत बोरं, करवे, मटारच्या आणि हरभऱ्याच्या शेंगा. ते ओतण्यापुरतं, स्वच्छ चादरीवर. खाण्याचं ताट वेगळं: चिकूच्या आणि पिकलेल्या पेरूच्या बिनबियांच्या फोडी, वाफवलेल्या गाजराचे काप, स्ट्रॉबेरी उभी चिरून. तिळाची वडी मऊ आणि चिमूटभर, जेवणाच्या पानात. भेटपिशवीत खाऊच नको, खडू आणि चित्रांचं पुस्तक द्या.

कोलशेतकर दादा, रोजच्या डब्याबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे. पण डबा ज्याच्या त्याच्या घरचा. परात आपल्या सगळ्यांची आहे, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यांना विचारतेय. परातीत चॉकलेट नकोच, या मतावर मी ठाम आहे.

कोलशेतकर बाबा
आणि मी माझ्या. मतदान घ्या, हरलो तर कुरकुरणार नाही. फळं चिरायला चार हात लागतील. मी सकाळी सातला हॉलवर येतो, चाकू आणि पाट घेऊन. माझ्या मुलाला त्याचं एक चॉकलेट मी घरी, जेवणानंतर देईन.