मदत हवी आहे: आई गेल्यापासून बाबा बोलेनासे झालेत

नमस्कार मंडळी. आम्ही नाशकात सिडकोत राहतो. दिवाळीनंतर आई गेली. रामकुंडावर दशक्रिया, तेरावं, सगळं रीतसर पार पडलं. पाहुणे आपापल्या गावी गेले आणि तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

बाबा जेवतात, पण ताटात पडेल ते. आमटीत मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घेणारा माणूस, आता अळणीही गुपचूप संपवतो. आईचा मोबाइल मात्र रोज रात्री न चुकता चार्जिंगला लावतात. त्याचं रिचार्ज संपलं तर मला म्हणाले, "तेवढं मारून टाक." मारलं. हे असंच चालू द्यावं का?

नातेवाईक म्हणतात, वर्षश्राद्ध झालं की येतील ताळ्यावर. मला नाही पटत. तोवर नुसतं बघत बसायचं?

टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर माहीत आहे, मराठीत बोलता येतं, पैसेही लागत नाहीत. पण बाबा फोनवर परक्याशी दोन वाक्यं बोलायचे नाहीत. समोर बसून, घाई न करता ऐकून घेणारं मराठी समुपदेशक नाशकात कोणी आहे का? इंदिरानगर, पंचवटी, कुठेही नेईन. जोडीदार गेलेल्या ज्येष्ठांचा गट कुठे जमतो का? (भजनी मंडळ नको, देवावर सध्या त्यांचा राग आहे.)

झोपही पहाटे तीनलाच मोडते. डॉक्टरांकडे आधी न्यावं की समुपदेशकाकडे? आणि ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांनी सांगा, माणसाला पहिल्यांदा घराबाहेर कसं काढलंत?