पहिले आणि शेवटचे अक्षर एकच असलेले अनोळखी इंग्रजी शब्द

प्रश्न (कोथरूड, पुणे)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मी इंग्रजी शब्दांचा एक खेळ बसवत आहे. ज्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये पहिले आणि शेवटचे अक्षर एकच आहे, असे शब्द मुलांनी एकेका अक्षराचे शोधायचे आहेत. 'म्युझियम', 'कॉमिक', 'अरोमा' हे शब्द कोणीही सांगेल. मला शब्दकोशात असलेले, पण मुलांना नवे वाटतील असे शब्द हवे आहेत. एक्स, यू, झेड, व्ही, जे आणि क्यू या अक्षरांपाशी मी अडले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

एक्सचा शब्द अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेला असतो: झेरॉक्स. देवनागरीत त्याच्या आरंभी 'झ' आणि शेवटी 'क्स' येत असल्यामुळे दोन्हीकडे एकच इंग्रजी अक्षर आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. 'कोरडा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडले. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये ओल्या रसायनांशिवाय प्रत काढण्याची पद्धत शोधली आणि ती बाजारात आणणाऱ्या रोचेस्टर येथील हॅलॉइड कंपनीने १९६१ मध्ये झेरॉक्स हेच नाव धारण केले. हे व्यापारी नाव असले तरी इंग्रजी शब्दकोशांत ते क्रियापद म्हणूनही नोंदलेले आहे, त्यामुळे ते चालावे. विशेष म्हणजे त्याच रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये आपल्या कॅमेऱ्याला 'कोडॅक' हे नाव दिले होते. 'के' हे अक्षर त्यांना आवडत असे आणि या नावाच्या दोन्ही टोकांना तेच आहे.

यूसाठी 'उर्दू' आहेच. भाषेचे नाव नको असेल तर 'उनाऊ' घ्यावा. दक्षिण अमेरिकेतल्या, पुढच्या पायांना दोनच बोटे असलेल्या स्लॉथचे ते नाव आहे. झेडसाठी 'झिझ', म्हणजे डुलकी.

उत्तर २

व्ही, जे आणि क्यू यांपाशी आपण अडलात, याचे कारण इंग्रजी लेखनाच्या इतिहासात आहे. यू आणि व्ही ही पूर्वी एकाच अक्षराची दोन रूपे होती. शब्दाच्या शेवटी आलेले अक्षर स्वर आहे की व्यंजन, असा घोटाळा होऊ नये म्हणून पुढे मुका 'ई' लिहिला जाऊ लागला आणि 'गिव्ह', 'लव्ह', 'हॅव' यांच्या शेवटी तो आजही टिकून आहे. जे हे तर आय या अक्षरातूनच वेगळे झाले आणि शब्दान्ती ते लिहिण्याची रीत इंग्रजीत रुजली नाही. म्हणूनच 'व्हॉल्व्ह' आणि 'जज' हे शब्द कानाला अगदी नियमात बसणारे वाटतात, पण दोन्हींच्या स्पेलिंगचा शेवट ई ने होतो. मुलांना चकवण्यासाठी मला तरी याहून चांगली उदाहरणे दिसत नाहीत.

व्हीसाठी 'वाव' हे हिब्रू वर्णमालेतल्या एका अक्षराचे नाव इंग्रजी शब्दकोशांत मिळते. शेवटी जे किंवा क्यू असलेले 'हज', 'राज', 'तलाक' हे शब्द अरबीतून किंवा आपल्याकडच्या भाषांतून तिकडे गेले आहेत, मात्र त्यांची सुरुवात वेगळ्या अक्षराने होते. या दोन अक्षरांची घरे मोकळी ठेवावीत. ओढूनताणून शब्द भरू नयेत.

उत्तर ३

आपल्याकडून इंग्रजीत गेलेले 'हौदा' आणि 'आणा' हे शब्दही या यादीत बसतात. हत्तीवरच्या हौद्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक मुका एच असतो. 'हुक्का' या शब्दाचेही तसेच. डब्ल्यूसाठी 'विंडो' सगळ्यांना ठाऊक असतो, पण 'व्हिटलो', म्हणजे नखुरडे, हा क्वचितच कोणाला माहीत असेल. बीसाठी 'ब्लर्ब' अवश्य घ्यावा. पुस्तकाच्या वेष्टनावरच्या स्तुतिपर मजकुराला हा शब्द अमेरिकन लेखक जेलेट बर्जेस यांनी १९०७ मध्ये दिला.

एक सूचना करावीशी वाटते. शब्द फळ्यावर न लिहिता मोठ्याने उच्चारावेत आणि स्पेलिंग मुलांनाच लिहू द्यावे, म्हणजे 'जज' आणि 'झेरॉक्स' यांतला फरक त्यांचा त्यांनाच सापडेल.